सुरात आलेलं पिंप

मित्रांनो, मी एक जुना स्टीलपॅन आहे. तळायचा नव्हे हं, वाजवायचा! जन्मानं मात्र मी तेलाचं पिंप. त्रिनिदादमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनच्या मागच्या टेकडीवर अ‍ॅल्रिककाकांनी मला कापलं, ठोकून ठोकून माझं तोंड वाटीसारखं खोलगट केलं आणि आगीवर भाजलं. मग हातोडीनेच एकेक सूर माझ्यातून काढला. इतका मार खाऊन गोड बोलणारा माझ्यासारखा मीच!

टेकडीवरच्या शाळेत मी आलो, तेव्हा तिथे धड बाकही नव्हते. संगीताच्या मिस रामकिसून यांनी मला अफीयाच्या हवाली केलं. ही पोरगी बोलताना अडखळायची. मुलं नक्कल करायची, म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं. वाचायला उठवलं तरी गप्प उभी राही. मिसनी माझ्या प्रत्येक सुराच्या जागेवर खडूने त्या सुराच्या नावाचं अक्षर लिहिलं. अफीया अक्षर बघायची, काठी मारायची आणि मी उत्तर द्यायचो. मी तिला कधीच हसलो नाही. हळूहळू ती वाजवता वाजवता अक्षरं पुटपुटू लागली. खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटे.

हेडसरांना मात्र ते पटेना. "वाचता येत नाही आणि ही ढणढण कसली? शाळांच्या पॅन-महोत्सवात फजिती झाली, तर हिचा पॅन बंद. जादा तासाला बसेल!"

महोत्सवाच्या दिवशी पोरांनी मला घासून लख्ख केलं आणि सुकायला उन्हातच ठेवलं. पॅन तापला की सूर उतरतो, हे त्या उत्साहात कोणाच्या लक्षात राहणार! मंचावर अफीयानं मला हलकेच वाजवलं आणि तिचा हात थांबला. हेडसर पहिल्याच रांगेत होते. गप्प राहावं तर सगळं बेसूर होणार. बोलावं तर सगळ्यांसमोर अडखळणार.

तिनं हात वर केला. "मि... मिस, ह्याचा सूर उ... उतरलाय."

"घाबरली रे घाबरली!" शेजारच्या पॅनवरचा किमानी फिसकन हसला.

"घा... घाबरले नाही. तूच ठेवलंस ना ह्याला उन्हात, शहाण्या?"

अ‍ॅल्रिककाका गर्दीतून धावत आले. ते छोट्या हातोडीने टकटक करत होते आणि अफीया सांगत होती, "अजून वर... अजून थो... थोडा... बास!" ती अडखळली, पण थांबली नाही. मग आम्ही असे वाजलो, की समोरच्या आज्यासुद्धा उठून नाचू लागल्या.

सोमवारी हेडसरांनी तिला फळ्यावरचा धडा वाचायला सांगितला. तिनं बोटांनी मोडक्या बाकावर ताल धरला आणि धडा शेवटपर्यंत वाचला. किमानीसुद्धा हसला नाही.

"दुपारी पॅनला उशीर करू नकोस," एवढंच सर म्हणाले.

आता माझ्या कडेला गंज चढलाय. महोत्सवाला नवे पॅन जातात, माझ्यावर नवशिकी मुलं हात बसवतात. मित्रांनो, आम्हां वाद्यांना उन्हात टाकू नका, अडगळीत तर मुळीच नको. आणि तुमच्या वर्गात कुणी गप्प बसत असेल, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी एकदा माझ्यासमोर उभं करा. मी त्याला हसणार नाही.