उजव्या बाजूचे दोघे

नर्स सरजाबाईंनी अरीबच्या छातीवर गार जेली लावली, ईसीजीची एकेक वाटी दाबून चिकटवली आणि हलू नको म्हणून बजावलं. अरीब हलत नव्हताच. छताकडे बघत तो मनात एवढंच म्हणत होता, की काहीतरी निघू दे. बारीकसं का होईना, माझ्याच छातीत निघू दे.

दवाखान्यात येऊन आपणहून रोग मागणारा असा पेशंट सरजाबाईंनी उभ्या नोकरीत पाहिला नसेल. बाहेर बाकावर त्याची अम्मी, अख्तरी, ओढणी घट्ट धरून ओठातल्या ओठात दुवा मागत बसली होती आणि ती नेमकं उलटं मागत होती. तिच्या शेजारी फुटबॉलचे कोच नासिर सर मांडी हलवत बसले होते. सर म्हणजे भूकंपातून वाचलेला माणूस. लहानपणी ते किल्लारीच्या बाजूला मामाकडे राहायचे. वर्षभर आधीपासून तिथं जमीन अधूनमधून गुरगुरत होती आणि मोठी माणसं म्हणायची, होतंय असं, झोपा गुमान. मामाच्या घरातलं मग कुणी राहिलं नाही. तेव्हापासून कुठं काही जरासं गुरगुरलं, की सरांना ते हसण्यावारी नेणं जमायचं नाही. म्हणून तर मनस्विनी मॅडमचा फोन आल्यावर ते सकाळी सकाळीच अरीबच्या दारात उभे राहिले.

यंदा क्लबनं पोरांसाठी नवी जॅकेटं आणली होती. बिनबाह्यांची, अंगाला घट्ट. पाठीत काड्यापेटीएवढी एक डबी बसवलेली आणि आतून छातीला एक पट्टा. पोरगा मैदानात कुठं पळाला, किती पळाला, पळताना छाती किती धडधडली, सगळं ती डबी टिपून घ्यायची. मनस्विनी मॅडम दिवसा एका कोचिंग क्लासमध्ये टेस्टच्या निकालांचे तक्ते काढायच्या आणि संध्याकाळी लॅपटॉपवर टीमचे. मैदानाचा हिरवा नकाशा आणि त्यावर एकेका पोराचा सरकणारा ठिपका. त्या ठिपक्यांनीच चहाडी केली, की लातूरच्या टीमला भगदाड पडतं ते उजवीकडून. अरीब उजवा बॅक, म्हणजे मागची उजवी बाजू सांभाळणारा. बॉल घेऊन पुढं जाताना त्याचा ठिपका वाऱ्यासारखा जायचा आणि परत येताना बाजारातून आल्यासारखा रमतगमत यायचा. मागं रान मोकळं. समोरची टीम बरोबर तिथूनच घुसायची.

सरांनी त्यावर तोड काढली. अरीब आणि त्याच्या पुढं खेळणारा श्रीनाथ, या दोघांनी उजव्या पट्ट्यात जागा अदलून बदलून खेळायचं. एक वर गेला की दुसऱ्यानं खाली यायचं. परवाच्या सरावात भगदाड बुजलं तर नांदेडच्या स्पर्धेला अरीब, नाहीतर बाकावर. आणि घरी अम्मीनं आधीच सांगून ठेवलेलं, की नांदेडला नाव लागलं तरच यंदा खेळायचं. नाही लागलं तर बूट माळ्यावर आणि अरीब क्लासात.

क्लासात तो तसाही होताच. सकाळपासून खुर्चीत बसून बसून पायांचं लाकूड झालेलं, त्या पायांनी पळणार काय? सरावाआधी कपडे बदलताना त्यानं हे रडगाणं श्रीनाथपुढं गायलं, तर श्रीनाथच म्हणाला, तुझं जॅकेट मला दे, माझं तू घाल. उजव्या बाजूला आपण दोघंच, ठिपका कुणाचा ते कुणाला कळतंय. अरीबला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्या गावात निम्म्या पोरांची नावं एका कॉलेजच्या हजेरीत असतात आणि पोरं बसतात भलत्याच क्लासात, तिथं जॅकेटाची कसली लाज! डमी म्हटलं की झालं.

भगदाड बुजलं. नकाशावर अरीबच्या नावाचा ठिपका नुसता वरखाली धावत सुटलेला. मॅडम खूश झाल्या आणि मग त्यांची नजर खालच्या रेघेवर गेली. थ्रो घ्यायला सगळे नुसते उभे असताना अरीबच्या नावाची रेघ एकदम वर उडाली होती. वरच थरथरत राहिली होती आणि मग धाडकन खाली आली होती. उभ्या असलेल्या पोराची छाती अशी का उडावी? मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सरांना फोन लावला.

डॉक्टरांनी कागदाची पट्टी बघितली. मग पडद्यावर अरीबचं हृदय लावून सगळ्यांना दाखवलं. सरांनी मोबाईलवरचा ग्राफ पुढं केला तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, की पेशंट समोर असताना फोटो कशाला बघायचा. पट्टा सैल झाला असेल. पोरगा ठणठणीत आहे, खुशाल खेळू द्या. अख्तरीला रडू आवरेना. सरांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि अरीबच्या खांद्यावर थाप मारून सांगितलं, की आज संध्याकाळच्या मॅचला उजवीकडून तोच उतरणार आणि नांदेडला पण तोच येणार.

अरीब शर्टाची बटणं लावता लावता थांबला. म्हणजे ती रेघ श्रीनाथची. पट्टा सैल नव्हता, अरीबनं स्वतः मागून ओढून बसवला होता.

आणि श्रीनाथचा मोठा भाऊ. रेणापूरच्या घरी तो अंघोळ करून आला, आईशी बोलता बोलता भिंतीला टेकला आणि गेला. काही आजार नाही, काही नाही. हृदयाचं होतं, असं मागाहून कळलं. तेव्हापासून त्यांचे वडील बापूसाहेब गुरुजी, म्हणजे घरातले अण्णा, श्रीनाथला साधं खोकू देत नव्हते. हे सगळं अरीबला माहीत होतं. मातीला तो स्वतः गेला होता.

सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण अम्मीनं त्याचं डोकं धरून कपाळाची पापी घेतली आणि त्यानं तोंड मिटलं. सांगितलं तर नांदेड गेलं, आणि सरांच्या मनातून उतरलो ते उतरलोच. नाही सांगितलं तर? पुढचा विचार त्याला करवेना.

दवाखान्यात सगळं उरकेपर्यंत दुपार टळली होती; मैदानाकडं निघालेल्या रिक्षात बसल्यापासून तो श्रीनाथला फोन लावत होता. रिंग जायची, जायची आणि बंद पडायची. अम्मी म्हणाली, इतकं कशाला घाबरतोस, डॉक्टर काय म्हणले ऐकलं ना? त्यानं मान हलवली आणि परत नंबर दाबला. उचलत का नाही हा? जेवून झोपला असेल. झोपलाच असेल ना? अंगाला दरदरून घाम सुटला. अम्मी ओढणीनं त्याची मान पुसत राहिली. त्या पुसण्याची त्याला इतकी लाज वाटली, की त्यानं तिचा हात बाजूला केला.

मैदानावर पोरं जमली होती. श्रीनाथ कडेच्या चुन्याच्या रेषेजवळ एकटाच बसून बुटाची नाडी बांधत होता. जिवंत होता. अरीबला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला घट्ट धरावंसंही वाटलं. त्यानं यातलं काहीच केलं नाही. धापा टाकत नुसता पुढं जाऊन उभा राहिला.

"फोन का उचलंनास?"

श्रीनाथनं वर पाहिलं नाही. नाडीची गाठ सोडून त्यानं परत बांधली.

"काय म्हणले डॉक्टर?"

"ठणठणीत हाय म्हणले."

श्रीनाथचे खांदे एकदम सैल पडले. तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मग तो बोलायला लागला तो थांबेचना. दिवाळीपासून मधूनच छातीत काहीतरी फडफडायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. घरी सांगायची सोय नाही. अण्णांच्या कानावर गेलं तर ते हाय खातील, आणि आई तर नुसती दादाच्या फोटोकडं बघत बसंल. आपल्या पायानं दवाखान्यात जायची त्याची छाती झाली नाही. आणि ही जॅकेटं आल्यापासून तर त्याला रात्र रात्र झोप नव्हती, की आज ना उद्या मॅडमला रेघ दिसणार.

"मग वाटलं, दिसायचीच तर तुझ्या नावावर दिसू दे. वाईट असलं तर कळंल तरी, आणि घरी काही जाणार न्हाई. सर तुला घेऊन दवाखान्यात गेलेत कळलं, तवापासून फोन बाजूला ठेवून बसलो होतो. उचलायचं धाडस होईना." त्यानं मनगटानं नाक पुसलं. "सुटलो बघ. डॉक्टरनं रेघ बघून सांगितलं म्हणल्यावर आता काय भ्यायचं."

अरीबला पहिल्यांदा कळेचना, हा कशानं सुटला. मग कळलं. तो श्रीनाथच्या समोर मातीत बसला. पलीकडं सरांनी शिट्टी वाजवली. श्रीनाथ उठायला लागला तसं अरीबनं त्याचं मनगट धरलं.

"रेघ बघितलीच न्हाई त्यांनी. मला तपासलं रे. तुला न्हाई."

श्रीनाथच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू तसंच होतं. ते हळूहळू गेलं. तो परत खाली बसला, पोटाशी गुडघे घेऊन. अरीबच्या हाताखाली त्याची नाडी पळत होती, मधेच अडखळत होती, परत पळत होती.

"सरांना सांगू नको," तो म्हणाला. पण अरीबनं मनगट सोडल्यावर त्यानं अरीबला धरलं नाही.

अरीब उठला. सर मैदानाच्या मधोमध मनस्विनी मॅडमशी बोलत उभे होते. ते अंतर रोज तो धावत जायचा, आज चालताना संपता संपत नव्हतं. अम्मी कडेला बसून कौतुकानं बघत होती, तिच्याकडं त्यानं पाहिलंच नाही. सरांसमोर जाऊन तो उभा राहिला.

"सर, परवा माझं जॅकेट माझ्या अंगावर नव्हतं."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. सरांना मात्र काही विचारावं लागलं नाही. त्यांची नजर अरीबच्या खांद्यावरून पलीकडं गेली, चुन्याच्या रेषेजवळ गुडघ्यात मान घालून बसलेल्या पोराकडं. सरांचं शरीर आता सुटलेलं, गुडघे दुखरे. पोरांनी त्यांना पळताना कधी बघितलं नव्हतं. हातातली शिट्टी टाकून ते पळत सुटले.