बनुबाईनं दिलेली किडनी

बनुबाईनं धाकट्या भावाला, मानसिंगला, आपली एक किडनी दिली तेव्हा पलूसच्या सासरी तिला कुणी चहासुद्धा धड विचारला नाही. धडधाकट बाई वेलूरला जाऊन पोट चिरून घेते, आणि तेही माहेरासाठी! सासूचे टोमणे बनुबाईनं गुमान पचवले. फौजेतून आजारी होऊन आलेला भाऊ पुन्हा उसाच्या बांधावर फिरत होता, तिला तेवढं पुरे होतं.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, गोळ्या जन्मभर घ्यायच्या. शरीर परकी किडनी ठेवून घेत नाही, गोळ्या बंद झाल्या की तिच्यावर उठतं. पण त्याच गोळ्यांनी रोगाशी झगडायची ताकदही कमी होते, म्हणून साधा ताप आला तरी तडक मिरज गाठायचं.

आणि आष्ट्याजवळच्या माहेरी मानसिंगला कांजिण्या उठल्या.

कांजिण्या म्हणजे देवी घरात आली. आईनं, मनुबाईनं, दाराला लिंबाचे डहाळे बांधले, चुलीवरची फोडणी बंद केली आणि गोळ्यांचा डबा माळ्यावर टाकला. बनुबाई निरोप मिळताच धावत आली, तर आई उंबऱ्यात आडवी.

"आत येऊ नगंस. भायेरचं मानूस चालत न्हाई."

"गोळ्या चालू हायत न्हवं?"

"देवी घरात, आन औषध? कोपंल की ती! तुमा समद्यास्नी मी असंच बरं केलं."

"आमच्या पोटात दुसऱ्याची किडनी नव्हती, आये! त्याला मिरजंला न्हेऊया."

आतून मानसिंगच बोलला, "आक्का, जा तू. फोड सुकलं की घेतो गोळ्या."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! बनुबाईनं आष्ट्याहून डॉक्टर आणला, त्यालाही आईनं दारातूनच वाटेला लावलं. गावानं आईचीच बाजू घेतली. देवीपुढं कोण बोलणार?

मानसिंगचं तोंड सुजलं, लघवी बंद झाली, तेव्हा कुठं जीप बोलावली. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ते हताशपणे खुर्चीत बसले. कांजिण्यांनी आधीच जेरीला आणलं होतं, त्यात गोळ्या बंद केल्या. किडनी गेली होती.

बनुबाईला वाटलं, आता तरी आई कपाळ बडवून घेईल, चुकलं म्हणेल. मनुबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि लेकीचा दंड धरून तिला पुढं ढकललं.

"आवं डाक्टर, हिची दुसरी हाय की! ती बसवा."

बनुबाईला आईची इतकी चीड आयुष्यात कधी आली नव्हती. निदान भाऊ तरी आईला गप्प बस म्हणेल, म्हणून तिनं खाटेकडं बघितलं.

मानसिंगनं तिच्यापुढं हात जोडले होते.