भाड्याचं घोंगडं

दिग्विजयरावांनी मोटारीच्या डिकीतून चार गाठोडी काढली आणि वाचनालयाच्या टेबलावर, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगावरच ठेवली, तेव्हा उमाच्या डोक्यात तिडीक गेली. पण वडूजच्या लोकविद्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काही वर्षं काढल्यावर तिला एवढं कळलं होतं, की कार्याध्यक्ष स्वतः काही उचलून आणतात तेव्हा त्याकडं आधी कौतुकानं बघायचं असतं.

"साताऱ्याहून आणलेत, भाड्यानं," दिग्विजयराव गाठ सोडत म्हणाले. "हा पंजाबी, हा काश्मिरी. ही केरळची साडी, सोनेरी काठाची. आणि हा आपला धनगर! फेटा, काठी, घोंगडं, सगळं एका सेटमध्ये."

"पण आपलं तर गोष्टींचं ठरलं होतं ना? मुलं आपापल्या घरातली गोष्ट सांगणार होती."

"गोष्टी फोटोत दिसतात का, मॅडम?"

पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब येणार होते. वाचनालय 'ब' वर्गातून 'अ' वर्गात जायचं होतं आणि त्यासाठी कुमारांसाठी केलेला एखादा सांस्कृतिक कार्यक्रम दाखवायचा होता. असा कार्यक्रम वाचनालयात आधीपासूनच चालू होता. तो उमाचा होता आणि आता तिच्याच डोळ्यांदेखत त्याचं गाठोडं बांधलं जात होतं.

उमा मूळची वाईची. नोकरीसाठी वडूजला आली तेव्हा वाचनालयात सकाळी पेपर वाचणारे म्हातारे आणि दुपारी पंख्याखाली झोपणारे तरुण, एवढाच राबता होता. तिनं दर शनिवारी मागची खोली आठवी ते दहावीच्या मुलांसाठी उघडी ठेवायला सुरुवात केली. मुलं आली, आणि तिच्या लक्षात आलं की वरवर एकसारखी दिसणारी ही पोरं घरून किती वेगवेगळं घेऊन येतात. कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या घरी मारवाडी, अत्तारांच्या पोराची दखनी. वाड्यावस्त्यांवरून येणारी धनगरांची पोरं. आणि गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं आटवायच्या धंद्यासाठी पार तमिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत पांगलेल्या घरांची मुलं. पण वाचनालयाचा उंबरा ओलांडला की सगळी पाठ्यपुस्तकातलं बोलायची. घर चपलांबरोबर बाहेर ठेवून यायची.

म्हणून उमानं ठरवलं की दर शनिवारी एकानं आपल्या घरातली गोष्ट आपल्या घरच्या भाषेत सांगायची. ऐकायला फार छान होतं. चालत मात्र नव्हतं. मुलं ओठ घट्ट मिटून बसायची. अत्तारांच्या पोरानं चौथीच्या पुस्तकातली गोष्ट सांगितली. मारवाड्याची मुलगी म्हणाली, "आम्ही घरी टीव्ही बघतो." उमा मात्र हटली नाही. समीक्षाचा तर तिनं पिच्छाच पुरवला.

समीक्षा जवळच्या वाडीतली, पण जन्मली आणि वाढली केरळात, त्रिशूरला. बापाचं तिथं गलाईचं दुकान. गावाकडं आजी अंथरुणाला खिळली म्हणून आई गेल्या साली पोरीला घेऊन परतली, बाप तिकडंच राहिला. वर्गात तोंड उघडलं की समीक्षाच्या तोंडून 'माझा शाळा', 'पुस्तक आली' असं काहीतरी निघायचं आणि पोरं फिदीफिदी हसायची. त्यांनी तिला मद्रासी करून टाकलं होतं. मद्रास कुठं आणि त्रिशूर कुठं, पण सांगणार कुणाला? उमानं तिला एकदा कोपऱ्यात मोबाइलवर मल्याळम वाचताना पाहिलं. त्या वेटोळ्या अक्षरांवरून पोरीचे डोळे पाण्यासारखे पळत होते. तेव्हापासून उमाचं एकच चालू, "तिकडची गोष्ट सांग की गं." बरेच शनिवार 'नको नको' म्हटल्यावर शेवटी पोरगी वैतागून म्हणाली होती, "एकदाच सांगीन. परत विचारायचं न्हाई."

त्या शनिवारी मुलं आली आणि त्यांनी गाठोडी बघितली. डॉक्टरांच्या अनीशनं लगेच फेटा डोक्यावर चढवला. समीक्षानं साडीला हातसुद्धा लावला नाही. बिरदेव पुढं झाला. नववीतला, काटकुळा, फारसं न बोलणारा पोरगा. त्यानं घोंगडं बोटांत धरून चोळलं.

"हे घोंगडं न्हाई. ही सोफ्यावरची चादर हाय."

"भाड्याचं आहे रे ते," उमा म्हणाली. "तुझ्या घरचं खरं असेल तर तेच आण ना."

हे बोलली आणि चुकली. बिरदेवनं वर बघितलं.

"म्हंजे घालायचंच?"

"तसं नाही. पण तुझ्या आजीला इतक्या छान ओव्या येतात, तू एखादी…"

"मॅडम, पयल्या दिवसापास्नं तुमी मला मेंढरांचंच इचारताय. हिला केरळचं, मला मेंढरांचं. अनीशला काय इचारलं? काय न्हाई. त्याला नुसतं पुस्तक. आमच्यात मेंढरं ऱ्हायली न्हाईत, आण्णांनी कवाच इकली. डाळिंब हाय आता."

"बिरदेव, मी चांगल्या…"

"आन तुमच्या घरचं कवा सांगितलंत तुमी?"

उमाला राग आला. इतकी धडपड कुणासाठी करायची? एकीकडं कार्याध्यक्षांना फोटो हवेत, दुसरीकडं ज्यांच्यासाठी करायचं तीच पोरं अंगावर येतात. "नको असेल तर नको करूस," ती जरा जोरातच म्हणाली. बिरदेवनं चपला पायात अडकवल्या आणि तो निघून गेला.

रविवारी मात्र तिला चैन पडेना. स्कूटी काढून ती त्याच्या वस्तीवर गेली. घर पत्र्याचं, पुढं डाळिंबाची बाग. बिरदेवची आई मंगल लगबगीनं बाहेर आली, चहा टाकला. आजी, हरणाबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"पेपरात फोटू येणार म्हनं पोराचा?" मंगलनं हसून विचारलं.

"त्याला नको आहे, ताई. वेशभूषा नको म्हणतोय तो."

"न्हाई कसं म्हंतोय! घालंल की. मी सांगते त्याला."

"आवं, फेटा बांधून हुबा ऱ्हायला तर काय झिजतंय का त्येचं?" हरणाबाई म्हणाली. "त्येचा आज्जा रोज बांधत हुता."

उमाची पंचाईत झाली. त्याची बाजू घ्यायला ती आली होती आणि इथं त्याचीच माणसं दिग्विजयरावांच्या बाजूची निघाली. आता यांना काय सांगायचं? तुमचं चुकतंय असं? ते सांगणारी ती कोण?

बिरदेव विहिरीवर जळालेली मोटर खोलून बसला होता. आकाराम, त्याचा बाप, शेजारी बॅटरी धरून उभा. उमाला बघून पोरानं मान खाली घातली.

"सॉरी म्हणायला आले नाहीये," उमा म्हणाली. खरं तर तेवढ्यासाठीच ती आली होती. "तुला काय वाचायचंय, ते विचारायला आलेय."

"सांगितलं हुतं की. मोटर रिवायंडिंगचं पुस्तक. दोनदा सांगितलं."

आणि उमाला आठवलं. सांगितलं होतं त्यानं. तिनं 'बघते' म्हणून धनगरी लोककथांचं जाडजूड पुस्तक त्याच्या हातात ठेवलं होतं, वर त्याला आनंद होईल म्हणून स्वतःच खूश झाली होती. ओट्यावर परत येऊन तिनं चहा संपवला. परतीच्या वाटेवर ती स्वतःवर इतकी चिडली होती की वडूजचा फाटा मागं राहिल्याचं तिला पुढच्या गावी कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळचे साहेब दुपारी उगवले. तोवर काश्मिरी टोपीखालचा पोरगा घामानं निथळला होता. बिरदेव आला होता, पण साध्या शर्टात, आई आणि आजीच्या मागं उभा. घोंगडं वाया जाऊ नये म्हणून ते अनीशच्या खांद्यावर गेलं होतं. ओठांवर पेन्सिलीच्या मिशा काढून, काठी आपटत तो "हुर्रर्र हुर्रर्र" करत व्यासपीठावर फिरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बिरदेव भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

हरणाबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "काठी उलटी धरलीया की लेकरानं!"

उमाला कळेना, आपण चिडायचं कुणावर? अनीशवर? त्याला तर कुणी काही शिकवलंच नव्हतं. हसणाऱ्या म्हातारीवर? आणि म्हातारीच हसत असेल तर आपण कुणाच्या वतीनं कढतोय?

तेवढ्यात समीक्षा आली, शाळेच्या गणवेशात.

"साडी कुठंय?" दिग्विजयरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ती बायका नेसतात. ओणमला, लग्नात. पोरी जीन्स घालतात तिकडं."

"मॅडम, सांगा हिला!"

"वेळ होतोय. बोलू द्या तिला," उमा म्हणाली. दिग्विजयरावांनी तिच्याकडं असं बघितलं की पुढं काय वाढून ठेवलंय ते तिला तेव्हाच समजलं.

समीक्षानं मल्याळममध्ये सुरुवात केली. चार वाक्यं झाली असतील, मागून कुणीतरी "अय्यय्यो" केलं. हशा पिकला. साहेब मोबाइलमध्ये बघत होते. पोरगी थांबली. तिनं उमाकडं बघितलं, आणि त्या नजरेत 'मी म्हटलं नव्हतं?' एवढंच होतं. उमा उठणार होती, ओरडणार होती, पण समीक्षाच पुन्हा बोलायला लागली, मोडक्यातोडक्या मराठीत.

"आमच्या शेजारची अम्मूम्मा, म्हणजे आजी, ती सांगायची. एक माणूस होता. त्याच्या झाडाला मोठा मोठा चक्का लागला."

"झाडाला चक्का?" हरणाबाईनं सभेची पर्वा न करता विचारलं. "श्रीखंडाचा?"

"फणस!" समीक्षा म्हणाली. "तिकडं फणसाला चक्का म्हणतात."

पुन्हा हशा झाला. पण या वेळी समीक्षाही हसली. वडूजला आल्यापासून ती हसताना उमानं पहिल्यांदाच पाहिली. आता लोक ऐकायला लागले होते. एक दिवस फणस पडला, नेमका खालून जाणाऱ्या सशाच्या डोक्यावर, ससा जागीच मेला. माणसाला फुकटात मटण मिळालं. दुसऱ्या दिवशी तो झाडावर चढला आणि बसला फणस पाडत, पुन्हा ससा मरेल म्हणून. रोज पाडतोय. बायको ओरडतेय. झाड रिकामं व्हायला आलं…

"वा, वा! फारच सुंदर," म्हणत दिग्विजयरावांनी माईक काढून घेतला. "साहेबांना पुढं जायचंय. सगळ्यांनी ग्रुप फोटोसाठी या. वेशभूषावाले पुढं!"

समीक्षा तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी राहिली. "अजून संपली न्हाई," ती म्हणाली, पण माईकशिवाय ते कुणाला ऐकू गेलं नाही. उमानं ऐकलं. ती पुढं झाली, "एक मिनिट, गोष्ट पूर्ण होऊ द्या," म्हणाली, आणि फोटोग्राफरनं तिला हातानं बाजूला व्हायला सांगितलं.

पेपरात फोटो छापून आला, मध्यभागी अनीश. वाचनालयाचं साहेबांनी कौतुक केलं. आणि दिग्विजयरावांनी मागची खोली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला देऊन टाकली.

"शनिवारी तरी ठेवा," उमा भांडली. "तिथं मुलं येतात."

"मूठभर पोरं, मॅडम. अभ्यासिकेला रांग लागलीय. आणि कार्यक्रम तर झाला की तुमचा!"

तिनं हात जोडले, आवाज चढवला, राजीनाम्याची भाषासुद्धा करून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी. वाईट याचंच वाटलं, की अभ्यासिकेतली पोरंही गरजूच होती. त्यांच्याविरुद्ध तिला बोलता येत नव्हतं.

शनिवारी खोलीला कुलूप होतं. उमानं व्हरांड्यात, पेपर वाचणाऱ्यांच्या बाकांमागं सतरंजी टाकली. कुणी येईल असं तिला वाटत नव्हतं. समीक्षा आली. अत्तारांचा पोरगा आला. अनीशही आला, ओशाळल्यासारखा. सगळ्यात शेवटी बिरदेव आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"तुझं पुस्तक मागवलंय," उमा म्हणाली.

"आलं की बघू." मग तो समीक्षाकडं वळला. "त्या माणसाचं फुडं काय झालं गं? ससा घावला का परत?"

"न्हाई. झाडाचे फणस संपले. मग तो शेजाऱ्याच्या झाडावर चढला."

"आन?"

"शेजाऱ्यानं खालून शिडी काढून घेतली."

अत्तारांचा पोरगा फिस्सकन हसला. आता दुसरं कोण सांगणार म्हणून उमानं सगळ्यांकडं पाहिलं, आणि बिरदेव सावकाश खाली बसला.

"तुमी सांगा, मॅडम. तुमच्या घरचं."

"माझ्या? आमच्याकडं काही खास नाही रे. साधंच सगळं."

"आमच्यात बी साधंच हुतं," बिरदेव म्हणाला.

वाईच्या घरातलं काय सांगायचं, हे उमाला खरंच सुचेना. गणपतीची आरती? ती सगळ्यांनाच ठाऊक. मग समीक्षानंच विचारलं, "तुमच्यात मटण खात न्हाईत?"

"नाही."

"तुमी बी कधीच न्हाई?" अनीश.

उमाचा चेहरा तापला. हा काय प्रश्न झाला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. इतके महिने आपण यांना कसकसे प्रश्न विचारत आलो, तेही त्याच क्षणी मनात आलं, आणि ते काही सुखाचं नव्हतं.

"खाल्लंय," ती म्हणाली. "पुण्याला, हॉस्टेलवर. आईला अजून माहीत नाही."

"आई गं!" अत्तारांचा पोरगा ओरडला आणि सगळी पोरं उमाच्या दिशेनं पुढं सरकली. "कसं लागलं? कुनी दिलं? आईला कळलं तर?"

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं पेपर खाली करून मागं बघितलं.

"ओ मॅडम, हे वाचनालय हाय. जरा हळू."

"हळूच बोलतोय, आजोबा," उमा तुटकपणे म्हणाली आणि मुलांकडं वळली. "सांगते. पण मध्येमध्ये बोलायचं नाही."