पाठमोरी खुर्ची

हंगाम सुरू व्हायला अवकाश होता. हे नुसते सराव सामने. पण दोन हरल्यावर गिरणीच्या मॅनेजरसाहेबांचा धीर सुटला. तिसराही गेला तर हंगामाला दुसरा प्रशिक्षक आणू, असं त्यांनी बाईंना चहाचा कप पुढे करत, अगदी गोडीगुलाबीनं सांगून टाकलं.

बाईंनी हाताला धरून घडवलेला मुलींचा फुटबॉलचा संघ होता तो. सगळ्या गिरणीत मागावर काम करणाऱ्या. मागांच्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू जातं? तिथे बोटंच बोलतात. दोरा तुटला की एक खूण, मुकादम आला की दुसरी. तीच सवय मैदानावर. चेंडू हवा तर हात वर करायचा, आणि चूक झाली की नजर बाईंकडे. खेळायच्या देखण्या, पण मुक्यानं. पाखरांचा थवा उडावा आणि एकानंही चिवचिवू नये, तशा. म्हणून बाईंनी ठरवलं होतं, सराव सामन्यांत मैदानाच्या कडेवरून अवाक्षर काढायचं नाही. हरायचं ते आत्ताच हरून घेऊ. आपला आवाज थांबला की यांचा फुटेल.

तो काही फुटेना.

तिसऱ्या सामन्यातही तेच. उंच चेंडू गोलपुढे आला. गोलरक्षक पोरीला सगळ्या गुपचूप म्हणत. तिनं माझा आहे म्हणून हात वर केला, पण तिच्या पुढ्यात उभ्या असलेल्या कप्तान आक्काच्या पाठीला डोळे थोडेच होते? दोघी एकदमच झेपावल्या, एकमेकींवर आदळल्या आणि चेंडू निवांत जाळ्यात जाऊन बसला. आक्का गवतातून उठली ती बाईंकडे बघतच.

"अहो बाई, ओरडा की काहीतरी," मॅनेजरसाहेब म्हणाले. "तोंडाला कुलूप घालायचा पगार देतो का आम्ही?"

बाईंच्या जिभेवर हाक आली होतीच. एक हाक, की आक्का बाजूला झाली असती, सामना सावरला असता, संघही हातात राहिला असता. पण मग हंगामभर हाका बाईंनीच मारायच्या. मध्यंतरानंतर त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसल्या. समोर फक्त भिंत, भिंतीवर वाळत घातलेले मोजे.

मुलींत खसखस पिकली. मग पुन्हा चूक झाली, नजरा सवयीनं वळल्या आणि बाईंच्या अंबाड्यावर जाऊन आपटल्या. तिथून काय कळणार?

बाई कान देऊन बसल्या. पावलांची धपधप, जोरकस लाथ, मग चेंडू वर गेल्यावरची ती शांतता. पुन्हा गोलपुढेच.

त्या शांततेतून एक आवाज आला. जाडाभरडा, घडी न मोडलेला.

"आक्के, सर बाजूला, माझाय!"

हातमोज्यांत चेंडू थपकन बसला.

"अगं बया, हिला वाचा आहे," आक्का म्हणाली.

"आहे. तुला कान आहेत ना? पळ मग."

बांधच फुटला. एक म्हणे दे गं, दुसरी म्हणे घे गं, तिसरी मागून बजावे, पाठीमागे त्यांची एक आहे, जपून. एकीनं ओळ टाकावी, दुसरीनं ती वरच्यावर झेलावी, असा चेंडू फिरू लागला. बाईंना खेळ दिसत नव्हता, पण प्रत्येकीच्या गळ्यावरून कोण कुठे धावतेय ते कळत होतं. बरोबरी झाली तेव्हा त्या भिंतीवरच्या मोज्यांकडे बघून हसल्या.

अखेरीस कॉर्नर मिळाला. "लांबच्या खांबाला टाक!" ही गुपचूपच, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकावरून. चेंडूवर डोकं बसल्याचा ठप्प आवाज आला. पलीकडचा, समोरच्या संघाचा बाक चिडीचूप झाला, आणि मॅनेजरसाहेबांनी मारलेली उडी बाईंना खुर्चीच्या पायांतून जाणवली.

शिट्टी वाजली तेव्हाच बाई वळल्या. साहेबांचा घसा बसला होता. नव्या प्रशिक्षकाचा विषय त्यांनी काढलाच नाही. हंगामात तरी तोंड इकडे करून बसाल ना, एवढंच घोगऱ्या आवाजात विचारलं.

"गरज पडली तर," बाई म्हणाल्या.

मुलींच्या खोलीत शिरताना बाईंना आज पुष्कळ बोलायचं होतं. पण आत सगळ्या एकदमच बोलत होत्या, गुपचूप सगळ्यांच्या वरताण. बाईंनी घसा खाकरला. कुणी ऐकेल तर शपथ. मग दाराला टेकून, आपली पाळी येईल तेव्हा येईल म्हणत, त्या पोटभर ऐकत राहिल्या.