साडूचा पियानो

साडू हे नातं कुणी निवडत नाही. बायको निवडली की ते फुकट मिळतं, आणि मग जन्मभर त्याच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसावं लागतं. आपला ट्यूनर असाच सतरा वर्षं एका साडूशेजारी जेवत आला होता. ट्यूनर म्हणजे पियानो सुरात लावून देणारा माणूस. शाळा, हॉटेलं, सभागृहं, पैसेवाल्यांची घरं, जिथे पियानो असेल तिथे हा आपली किल्ली घेऊन जायचा, तारा ताणायचा, दुसऱ्याचा पियानो गाता करायचा आणि बसनं घरी यायचा. त्याच्या स्वतःच्या घरी पियानो नव्हता.

साडू दातांचा डॉक्टर. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मोठं घर, गाडी, पन्नाशी उलटली तरी डोक्यावर सगळेच्या सगळे केस, आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, माणूस स्वभावानंही चांगला. ट्यूनरचं खरं दुखणं हेच होतं. वाईट माणसाचा हेवा करायला मजा येते. चांगल्या माणसाचा करताना स्वतःचीच लाज वाटते, आणि लाज वाटली की हेवा दुप्पट होतो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत असं लोक म्हणतात. डॉक्टरकडे चणे होतेच, आणि दातांचा तर त्याचा धंदाच होता.

एका दुपारी या डॉक्टरचा फोन आला. "साडूभाऊ, जुन्या फर्निचरच्या गोदामात आलोय. कपाट बघायला आलो होतो, तर इथे एक पियानो दिसला. हिच्या अगदी डोळ्यांत भरलाय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही येऊन बघा. तुम्ही घ्या म्हणालात तर घेऊ."

घेऊ! फोन ठेवला तरी तो शब्द ट्यूनरला टोचत राहिला. बावीस वर्षं हा माणूस एका पियानोसाठी झुरत होता, आणि तो साडू कपाट बघायला जातो काय आणि पियानो घेऊ म्हणतो काय!

गोदामात खुर्च्या एकमेकींवर उलट्या रचलेल्या होत्या. जुन्या गाद्यांच्या ढिगामागे, भिंतीला पाठ लावून, तो उभा होता. अक्रोडाच्या लाकडाचा, शंभरी पार केलेला उभा पियानो. पुढे मेणबत्त्या लावायच्या दोन पितळी बैठका, त्याही शाबूत. हस्तिदंती पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, पण एकही तुटलेली नव्हती. ट्यूनरनं वरचं झाकण उघडलं, किल्ली काढली आणि एका पिनेला लावली.

पियानोचा जीव असतो त्या पिनांच्या फळीत. तारा ज्या पिनांना गुंडाळलेल्या असतात, त्या पिना एका जाड लाकडी फळीत रुतवलेल्या असतात. फळी तडकली की पिना सैल होतात, सूर दोन दिवसही टिकत नाही, आणि मग पियानोचं नुसतं शोभेचं कपाट उरतं. ट्यूनरनं किल्लीवर जोर दिला. पीन हलायला तयार नव्हती. दुसरी, तिसरी, दहावी, एकजात घट्ट. त्यानं खालच्या सुराची एक पट्टी दाबली. सूर उतरलेला होता, पण आवाज असा भरून आला की त्याचं बोट पट्टीवरून उठेना. हा माझा आहे, त्याला वाटलं. याच्यासाठीच मी थांबलो होतो.

त्यानं वळून पाहिलं. डॉक्टर रुमालानं चष्मा पुसत उभा होता. गोदामवाला कान देऊन ऐकत होता. आणि मेहुणी पितळी बैठकांवरून बोट फिरवत म्हणत होती, "काय गोड आहेत नाही, भावोजी?"

पियानोत हिला गोड काय दिसलं, तर बैठका! गाढवाला गुळाची चव काय!

"संपलाय," ट्यूनर म्हणाला. आवाज स्वतःलाही परका वाटला. "फळी तडकलीय. पिना सगळ्या सैल. शिवाय लाकडाला कीड लागलीय. हा आता सुरात यायचा नाही."

"अरेरे," डॉक्टर म्हणाला. "बरं झालं तुम्हाला विचारलं. नाहीतर फसलो असतो. राहू दे मग."

सुंठीवाचून खोकला गेला. साडूही हटला, आणि पियानो म्हणजे मढं हे गोदामवाल्याच्याही कानावर पडलं, म्हणजे तो आता आपल्याला मातीमोलानं द्यायला तयार होईल. त्या रात्री ट्यूनरनं बायकोकडून पलंग सरकवून घेतला आणि भिंत मोजली. कशासाठी, ते सांगितलं नाही. सकाळी गोदामाचं दार उघडायच्या आधीच तो तिथे हजर होता.

"अहो, तो कालच गेला," गोदामवाला म्हणाला. "तुमच्या मेहुणीबाईंचा संध्याकाळी फोन आला. वाजत नसला तर नसू दे, दिसतो किती छान, म्हणाल्या. तुम्हीच नाही का म्हणालात, हा आता सुरात यायचा नाही? तसाच दिला मग."

ट्यूनर बसस्टॉपपर्यंत कसा आला, ते त्याला आठवत नाही.

मुलगी बघायला जावं, तिला नावं ठेवून दुसऱ्याचं ठरत आलेलं स्थळ मोडावं, आणि तिनं त्याच घरात सून होऊन यावं, तशी गत झाली. दर रविवारी ट्यूनर आणि त्याची बायको डॉक्टरकडे जेवायला जायची. दिवाणखान्यात शिरल्या शिरल्या समोर तो. आणि मेहुणीनं त्याच्या डोक्यावर काय ठेवलं होतं? कुंड्या! पाच. ती रोज झारीनं पाणी घालायची, कुंड्यांखालच्या बशा भरायच्या, ओघळ अक्रोडाच्या लाकडावर उतरायचे. लाकडावर एक पांढरट गोल डाग आला. पुढच्या रविवारी त्याशेजारी दुसरा.

"ताई, बशीखाली निदान एखादं फडकं तरी घाला," एकदा न राहवून तो म्हणाला.

"काय भावोजी! मेलेल्याला कसली आलीय सर्दी?"

सगळे हसले. ट्यूनरची बायकोही हसली. डॉक्टरनं मात्र ताटातून मान वर करून त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "यांना काळजी वाटते गं. जातिवंत माणूस आहे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बोलावं तर आपण खोटे ठरतो, गप्प बसावं तर पाणी एक दिवस झाकणाच्या फटीतून आत झिरपणार, फळी फुगणार, तडकणार, आणि आपण बोललो ते खरं होणार. ट्यूनरला रात्री झोप लागेना. आणि कबूल करायला हरकत नाही, एखाद्या रात्री त्याला असंही वाटायचं की झिरपू दे. मला नाही, तर त्यालाही नको. मग त्या विचारानंच तो उठून पाणी प्यायचा.

तीन महिने असे गेले. मग एका रविवारी हात धुता धुता डॉक्टर म्हणाला, "शनिवारी सुतार येतोय. पियानोच्या आतलं ते सगळं लोखंड आणि तारा काढून टाकतो, काचेची फळकुटं बसवतो. हिच्या कपबशांना जागा होईल."

"कपबशा," ट्यूनर म्हणाला.

"मग काय, नुसता जागा अडवून बसलाय. तुम्हाला काही वाटतं का, साडूभाऊ?"

ट्यूनरला पुष्कळ वाटत होतं. तो म्हणाला, "नाही. मला काय वाटायचंय?"

पण शनिवारी सकाळी सुताराच्या आधी तो किल्ली, चिमटा आणि नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या पट्ट्या घेऊन दारात उभा राहिला. "सहज आलो," तो म्हणाला. "काढायचाच आहे तर एकदा प्रयत्न करून बघतो. लागला तर लागला."

"बघा की," डॉक्टर म्हणाला आणि स्वतःच कुंड्या उचलायला लागला.

तीन तास लागले. एकेका सुराच्या तीन-तीन तारा, त्यातल्या दोन नमद्यानं दाबायच्या, एक चढवायची, मग तिच्याशी दुसरी जुळवायची, मग तिसरी. जुन्या तारा एकदम ताणल्या तर तुटतात, म्हणून एकदा अंदाजे चढवून घेतलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून नेमकं. मधल्या सप्तकापासून तो दोन्ही बाजूंना सरकत गेला. एकही तार तुटली नाही. एकही पीन घसरली नाही. ट्यूनर सुखात होता. तीन तास त्याला साडू आठवला नाही. सुतार आला तोही कानामागची पेन्सिल तशीच ठेवून भिंतीला टेकून ऐकत उभा राहिला.

शेवटी त्यानं दोन्ही हातांनी एक भरगच्च स्वरमेळ वाजवला. खोली भरून गेली. स्वयंपाकघरातून मेहुणी हात पुसत धावत आली. "अगं बाई! हा बोलतोय! भावोजी, मेलेला उठवलात की तुम्ही!" सुतारानं टाळ्या वाजवल्या. ट्यूनरनं मान खाली घातली. खोट्याच्या वर ही शाबासकी, आणि तीही त्याला गोड लागत होती, हे जास्त वाईट.

मेहुणी सुताराला चहा द्यायला आत घेऊन गेली. त्याच्या कानामागची पेन्सिल मात्र जाता जाता डॉक्टरनं मागून घेतली होती. "हं," ती ट्यूनरपुढे धरून तो म्हणाला, "लिहा."

"काय?"

"तुमच्यात आत लिहायची रीत असते ना?"

असते. पियानो लावून झाला की ट्यूनर पायाजवळची खालची फळी काढून तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, पियानोची तब्येत आणि आपलं नाव लिहितो. मालक बदलतात, घरं बदलतात, ते लिखाण तिथेच राहतं. पुढच्या ट्यूनरसाठी असतं ते. ट्यूनरनं स्वतः शेकडो फळ्यांवर लिहिलं होतं. गोदामात मात्र त्यानं ही फळी उघडली नव्हती. हवा तो पियानो समोर होता, नको तो माणूस शेजारी होता, खोटं बोलायची घाई झाली होती. धंद्यातली पहिली गोष्ट त्या दिवशी तो विसरला होता.

त्यानं गुडघे टेकले, खटका दाबला, फळी ओढून काढली. आत वरपासून खालपर्यंत सात-आठ जणांची अक्षरं. काही पुसट, काही ठसठशीत. सगळ्यात खालची ओळ तीन वर्षांपूर्वीची: फळी शाबूत. पिना घट्ट. कीड नाही.

त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"आला त्याच दिवशी उघडली होती मी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही कीड म्हणालात ना, म्हटलं घरभर पसरायची. बॅटरी घेऊन बघायला गेलो, तर हे वाचायला मिळालं."

"तीन महिने तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि कुंड्या?"

"त्या हिच्या. हिला यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. रात्री ती झोपली की मी पाणी पुसून घ्यायचो." डॉक्टर शेजारी जमिनीवरच बसला. "सुतार मात्र मी बोलावला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे आमच्या धंद्यात रोजचंच. तुम्ही आज येणार याची खात्री होती मला."

ट्यूनर फळीवरची ती ओळ पुन्हा वाचत राहिला.

"तुम्हाला तो हवा होता. गोदामातच कळलं असतं, तर तिथेच तुम्हाला दिला असता. दर रविवारी वाटायचं, आज मागतील. साडूभाऊ, अजूनही मागा. एकदा तोंडानं म्हणा, मला हवाय. आत्ता चार माणसं बोलावतो, संध्याकाळपर्यंत तुमच्या घरी पोचेल. हिची समजूत मी काढीन."

दोन शब्द होते. मला हवाय. ट्यूनरनं तोंड उघडलं. समोर तो पियानो होता, नुकताच सुरात आलेला, आणि शेजारी तो चेहरा, ज्याच्यावर ना राग होता, ना कुत्सितपणा. राग असता तर किती बरं झालं असतं! भांडून मागता आलं असतं. पण हा माणूस घरात, गाडीत, केसांत पुढे होताच, आता मोठेपणातही बाजी मारून बसला होता. त्याच्या हातून पियानो घेतला, तर रोज सकाळी झाकण उघडताना साडूचं मोठेपण उघडायचं. जन्मभर.

"कुंड्या ठेवू नका वर," ट्यूनर म्हणाला. "आणि सहा महिन्यांनी पुन्हा लावून घ्या."

डॉक्टरनं पेन्सिल पुन्हा त्याच्यापुढे धरली. मग म्हणाला, "बरं. तुम्हीच या."

ट्यूनरनं पेन्सिल घेतली. शेवटच्या ओळीखाली आजची तारीख घातली, आणि तेच शब्द लिहिले: फळी शाबूत. पिना घट्ट. कीड नाही. खाली नाव लिहिलं. फळी बसवली, हत्यारं गोळा केली आणि चहाला नको म्हणून निघाला.

तो जिन्यात असतानाच वरून आवाज आला. डॉक्टर वाजवत होता. एका बोटानं, अडखळत, शाळकरी पोर वाजवील तसं. मध्येच चुकत होता, आणि मेहुणी खदखदून हसत होती. वाजवणारा अगदीच ढ, पण एकूण एक सूर खणखणीत, जागच्या जागी. ट्यूनर कठड्याला धरून ऐकत राहिला. फार वर जायचं नव्हतं, आठ पायऱ्या चढून दारातून दोन शब्द बोललं असतं तरी पुरलं असतं, हे त्याला कळत होतं. वरचं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ट्यूनर उरलेल्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आला.