देवीची मुदत संपल्यावर

मी बांज बोलतोय. तुम्ही मला ओक म्हणता. माझी ही दशा खिमसिंगाने केली, हे आधीच सांगून टाकतो. सगळं गाव त्याला मानानं 'बुबू' म्हणतं, म्हणजे आजोबा. म्हणोत. मी म्हणणार नाही.

मी कुमाऊंच्या उत्तर उतारावर वाढलो. इथं ऊन तिरपं, बर्फ उशिरा वितळतं, माती काळी, खोल, ओली. डोंगराच्या सोंडेपलीकडे, दक्षिण उतारावर, दिवसभर रणरणतं ऊन आणि दगडांवर नुसती धूळ. तिथं मी तग धरणार नाही. पाइन मात्र मजेत उभा राहतो. आमचं भांडण कधीच नव्हतं. ऊन आणि माती यांनीच वाटणी करून दिली होती.

गावानं आमचं रान काही वर्षांसाठी देवीला वाहिलं होतं. तोवर कोयता लावायचा नाही. त्या काळात माझ्या पाचोळ्यात पाणी मुरलं, खालचा झरा बारमाही वाहिला, पायाशी माझी रोपं उगवली. मग मुदत संपली. गाव माझ्याच खाली जमलं.

"पुन्हा वाहू या देवीला," खिमसिंगाची नात भागुली म्हणाली.

"आणि वरच्या गावानं येऊन छाटून न्यायचं? आपण काय, हात जोडून बसायचं?"

"बुबू, झऱ्याचं काय?"

"बांज छाटला की फुटतो. दाढीसारखा."

"मग दाढीच करा ना! तुम्ही तर मुंडकं उतरवायला निघालात."

बायका खुसखुसल्या. म्हातारा भडकला, "जीभ आवर पोरी!" बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढंच त्यांना येतं.

दुसऱ्याच्या आधी आपण, म्हणून सगळे तुटून पडले. माझ्या फांद्या शेंड्यापर्यंत छाटून मला बोडकं केलं. पाचोळाही गोठ्यात अंथरायला नेला. उघड्या मातीवर ऊन पडलं, पावसानं ती धुऊन नेली. मग पलीकडून पाइनचं बी उडत आलं आणि रुजलं. त्याला मी बोल लावत नाही. त्याला अशीच माती मानवते. झरा आटला. आता खिमसिंगाच्या घरचं पाणीही भागुली दरीतून डोक्यावर आणते, आणि म्हातारा "पाणी कमी का आणलंस" म्हणून तिच्यावरच खेकसतो.

मी मेलेलो नाही. बुंध्यातून फुटवे जोरात आलेत, मुळं खोल आहेत. फक्त पाचोळा राहू द्या, कोयता लांब ठेवा. सावली मी धरीन, पुढचं माती बघेल.

पायाशी उगवलेली माझी सगळी रोपं मात्र त्या उन्हात वाळून गेली. तेव्हापासून मला एकही बी धरलेलं नाही.