बिनतारी माऊस आणि चार कोपरे

सरळ काठावर वेल कुणीही काढील. ती कोपऱ्यात वळवायची वेळ आली की कळतं, हात कुणाचा आहे. आणि नक्षीवालीचा हात नेमका कोपऱ्यातच दगा द्यायला लागला होता.

काम गालिच्याच्या नक्षीचं. संगणकाच्या पडद्यावर बारीक चौकटींची जाळी, एक चौकट म्हणजे विणकराची एक गाठ. माऊसने चौकटीमागून चौकट रंगवत न्यायची, मग त्यांचं पान होतं, पानांची वेल होते आणि वेल गालिच्याभोवती फेर धरते. बाकीचे नक्षीवाले एकच कोपरा काढतात आणि तोच उलटापालटा करून उरलेल्या तीन ठिकाणी बसवतात. यंत्राला त्यासाठी पापणी लवण्याइतका वेळही लागत नाही. ही मात्र चारही कोपरे हाताने काढायची. आरशातल्या माणसाला कुणी पाणी विचारतं का, म्हणायची. उलटवलेलं पान तसंच, दिसतं खरं, पण जगत नाही.

आता अंगठ्याच्या मुळाशी ठणका बसला होता. वळणावर हात थरथरायचा, चौकट सुटायची, आणि गालिच्यात वेल ठेच लागल्यासारखी दिसायची. विणकरांचे मास्तर घरी येऊन सांगून गेले. माणूस जुना, बोलणं गोड, पण गोळीला साखर लावली म्हणून कडूपणा थोडाच जातो? शुक्रवारी गालिचा मागावर चढणार होता. या खेपेला एकच कोपरा काढा आणि बाकीचे उलटवा, म्हणाले. तेही होत नसेल तर काठ दुसऱ्या कुणाकडे देतो, तुम्ही आता आराम करा.

आराम हा शब्द तिला भरल्या ताटावरून उठवल्यासारखा लागला. तिने चहा पुढे केला आणि शुक्रवारी चारही कोपरे मिळतील, असं सांगून टाकलं.

खालच्या मजल्यावर तिची धाकटी नणंद राहायची. इस्पितळात नर्स. दिवसभर माणसं वाचवायची आणि घरी आल्यावर संगणकावर बसून धडाधड शत्रू मारायची. वहिनीने कपाळाला हात लावला की म्हणायची, दोन्हीकडचा हिशेब बरोबर राहतो. तिनेच आपला जास्तीचा माऊस आणून टेबलावर ठेवला. खेळणाऱ्यांचा, बिनतारी, काळा, पोटात रंगीत दिवे, हातात घ्यावा तर पाखरासारखा हलका.

"हा मी शत्रूंसाठी घेतला होता. तू पानांसाठी वापरून बघ."

"वन्सं, हा माऊस आहे की लग्नाची वरात?" दिवे बघून वहिनी म्हणाली. माऊसच्या डबीत चार्ज करायची वायर निघाली तेव्हा तर तिला हसूच आवरेना. बिनतारी म्हणे, आणि आहेराला तार.

पण ठरवलं म्हणजे ठरवलं. माऊसबरोबर आलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा संगणकात खोचला आणि ती कामाला बसली. पहिल्या पानातच फजिती झाली. जरा बोट हललं की बाण पडद्याच्या पार पलीकडे. अंगठा बाजूच्या बटणावर पडला की नुकतीच काढलेली रेघ पुसली जायची. जुन्या माऊसवर जितका जोर द्यायची तितका इथे दिला, तर एका चौकटीऐवजी सात रंगल्या. संध्याकाळपर्यंत वेलीची पार दशा झाली, शेळीने चरल्यासारखी. एक क्षण तिच्या मनात आलं, की हात खरंच संपला.

वैतागून तिने जुना माऊस ओढला आणि नणंदेला दाखवायला एक पान काढलं. दुखलं, पण पान झालं. नणंद पडद्याकडे बघतच नव्हती. तिची नजर हातावर होती, ड्यूटीवर असावी तशी.

"वहिनी, करंगळी बघ तुझी."

नक्षीवालीने बघितलं. करंगळीने जुन्या माऊसची तार टेबलावर घट्ट दाबून धरली होती. इतक्या वर्षांत तिला हे ठाऊकच नव्हतं. वळणावर हात आवरायला ती तारेचा लगाम करत होती, आणि तो लगाम धरायला सगळा पंजा आवळला जात होता. अंगठ्याचं दुखणं तिथून आलं होतं. नव्या माऊसला तारच नाही, मग करंगळी टेबल चाचपत राहायची आणि हात वाऱ्यावर.

म्हणजे हात संपला नव्हता. त्याला सवय मोडायची होती, एवढंच. आणि सवय मोडणं तिला हात मोडण्यापेक्षा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने टेबल मोकळं केलं. कुंडी, चष्म्याचं घर, रंगीत लोकरीचे नमुने, सगळं पलंगावर गेलं. टेबलभर लोकरीचा जाड नमदा अंथरला. नणंदेने चाकाजवळचं बटण दाखवलं, ते दाबलं की बाणाचा वेग बदलतो. सगळ्यात मंद वेग लावला, तेव्हा चौकटभर पुढे जायलाही हात चांगला वीतभर सरकवावा लागतोय की काय, असं वाटलं. मनगट गप्प ठेवायचं आणि कोपरापासून हात न्यायचा, दळताना नेतात तसा, सगळं अंग मागे घेऊन. अंगठ्याखालचं बटण नणंदेने बंदच करून टाकलं. दिवेही विझवले, बॅटरी जास्त टिकते म्हणून. वहिनी म्हणाली, वरात घरी गेली.

पहिला कोपरा जेमतेम झाला. दुसरा पुसला आणि पुन्हा काढला, तोही पुसला आणि पुन्हा काढला. करंगळी मधूनच तार शोधायला जायची, तिला ती दरडावायची, गप बस गं बाई. तिसऱ्या कोपऱ्यात देठ एका दमात वळला आणि करंगळी जागची हलली नाही.

जमाखर्च तिने मनाशी मांडला. संगणकावरच्या चिठ्ठीचपाटीला मंद वेग म्हणजे बैलगाडी, तिथे बटण दाबून वेग वाढवावा लागतो आणि परत कमी करायचं विसरलं की पानाची वाट लागते. खटखट आवाज जुन्यापेक्षा जास्त. चार्ज करायचा विसरला तर ऐन वेळी मान टाकतो. पण हात मोकळा राहतो. रोजच्या कामाला हा माऊस चालेल, फक्त त्याच्याशी खेळणाऱ्यासारखं वागायचं नाही, विणकरासारखं वागायचं.

शुक्रवारी मास्तर आले तेव्हा चौथ्या कोपऱ्याची शेवटची पानं चालली होती. ते तिच्या मागे येऊन उभे राहिले. अंगठा दुखत होता, कालच्यापेक्षा कमी. कोपर मागे आलं, वेल वळली, टोकाचं पान थोडं वर उचललेलं राहिलं. बाकीच्या तीन कोपऱ्यांत ते खाली झुकलं होतं.

तिने नक्षी छापून दिली, मास्तरांनी तो कागद खिडकीपाशी नेला. चष्मा कपाळावर चढवून वेलीवरून बोट फिरवलं, एक कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी बोट थांबलं.

"हे पान वेगळं आहे."

"आहे. उलटवलेलं नाही ते."

"चूक समजून विणकर सरळ करील ना."

"करू देऊ नका," ती म्हणाली. "त्याला सांगा, तसंच विणायचं."

मास्तरांनी कागदाची गुंडाळी केली. दारातून वळून विचारलं, पुढच्या गालिच्याचा काठ कधीपर्यंत द्याल? तिने उजवा हात टेबलाखाली एकदा उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि दिवस सांगितला.